जसे दिले होते तसे

मोरेबाईंना राग आला की त्या कमी बोलायच्या आणि त्यांचे हात जास्त चालायचे. पोलादपूरच्या आमच्या हायस्कुलात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या आणि मी विज्ञान शिकवायचे. पंधरा-सोळा वर्षं आम्ही एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे काम केलं. पलीकडून परीक्षानळ्या घासल्याचा आवाज नेहमीपेक्षा भराभर यायला लागला की मी ओळखायचे, आज कुणीतरी बाईंना काहीतरी बोललंय.

त्या जवळच्या कापडे गावच्या. नवरा मुंबईला एका कॅन्टीनमध्ये होता, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. घरी सासू आणि भाताची शेती. लावणीच्या दिवसांत पहाटे चिखलात उतरून, मग आंघोळ करून त्या शाळेच्या वेळेला हजर असायच्या. टाचांच्या भेगांत राहिलेला चिखल तेवढा दिसायचा. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी झालेल्या, पुढे शिकायचं होतं, लग्न झालं. याबद्दल कुणी हळहळ दाखवलेली त्यांना खपत नसे. नव्याने आलेल्या एका शिक्षिकेनं एकदा सहज "बिचाऱ्या" म्हटलं, तर बाईंनी तिला शांतपणे विचारलं, "मी काय आजारी हाय काय?"

शाळेतली कुठलीही वस्तू बंद पडली की ती त्यांच्या टेबलावर यायची. घंटेचा टायमर, ऑफिसातला पंखा, स्नेहसंमेलनाचा ॲम्प्लिफायर. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्या आधी त्या वस्तूची आकृती काढायच्या. मग एकेक स्क्रू काढून आकृतीत जिथला तिथे चिकटपट्टीनं चिकटवायच्या. कितीही घाई असली तरी हे चुकायचं नाही. मी एकदा म्हटलं, स्क्रू सगळे सारखेच तर दिसतात. त्यांनी दोन स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि बोट लावून बघायला सांगितलं. एक केसभर लांब होता. तो चुकीच्या भोकात गेला तर आतली पाटी फुटते, एवढंच सांगून त्यांनी दोन्ही परत घेतले.

त्यांच्या रागाची एक गोष्ट आमच्या शाळेत सगळ्यांना माहीत होती. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक यायचे. त्यांचं ठरलेलं असे, दहा वाजता यायचं, चहा, गप्पा, कोंबडीचं जेवण, मग गुणांच्या कागदावर सह्या करून दोनच्या गाडीनं परत. प्रयोग बघायचेच नाहीत. सगळ्यांना सारखेच गुण मिळायचे, म्हणून तक्रारही कुणाची नसायची. बाई मात्र आदल्या दिवसापासून उपकरणं मांडायच्या, पोरींकडून तीन-तीनदा करून घ्यायच्या. त्या वर्षी परीक्षकांनी जेवणानंतर सह्या केल्या आणि पाकीट सील करायला सांगितलं. सील करायची लाख वितळवणं हे बाईंचं काम. त्यांनी मेणबत्ती लावली, लाखेची कांडी ज्योतीपासून वीतभर लांब धरली आणि म्हणाल्या, "लाख वितळत नाय अजून. तोवर पोरींनी काय मांडलंय ते बघून घ्या, सर."

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. बाईंनी कांडी तशीच धरून ठेवली. शेवटी ते उठले आणि एकेका टेबलापाशी गेले. पाऊण तास. दोनची गाडी गेली. बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. मुख्याध्यापकांनी नंतर मला बोलावून, तुमच्या सहायकाला समजवा, म्हणून सांगितलं. मी समजावलं नाही. पण "मीच सांगितलं होतं तिला" असंही म्हणाले नाही. माझी जागा तेव्हापासूनच अशी मधली होती.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा लॅपटॉप आले.

आमच्या खोऱ्यातल्या माणसांचं मुंबईत एक मंडळ होतं. त्यातले एक साहेब मोठ्या धंद्यात होते. त्यांनी शाळेला सहा लॅपटॉप द्यायचं ठरवलं. कार्यक्रम केवढा. मंडप, शाल-श्रीफळ, शाळेच्या दर्शनी भिंतीएवढा साहेबांचा फोटो असलेला फ्लेक्स. उमरठ, कापड्यापासून पालक आले होते. साहेबांनी भाषणात सांगितलं की आता या डोंगरातली मुलं जगाच्या बरोबरीनं धावतील. शिवाय पुढच्या दोन वर्षांत शाळेला सभागृह बांधून देतो, असंही जाहीर केलं. टाळ्या थांबेनात. संस्थेचे अध्यक्ष तर उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅपटॉप प्रयोगशाळेत लावले. पांढरे पडलेले कोपरे, झिजून अक्षरं गेलेली बटणं, पाठीवर कुठल्याशा ऑफिसचे फाटलेले स्टिकर. चालू केलेला लॅपटॉप सुरू व्हायला माझा अर्धा तास संपायचा. विज्ञानाची सीडी घातली तर हृदयाचं चित्र एकदा आकुंचन पावून तसंच थांबलं. पोरी वाट बघत बसल्या. एकीनं विचारलं, "मॅडम, हा मेला काय?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक लॅपटॉप उलटा केला, खालच्या जाळीतून आत फुंकर मारली, आणि आतून राखाडी धूळ उडाली.

"देणगी नाय ही," त्या म्हणाल्या. "माळा साफ केलाय त्यांनी."

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी जे जमेल ते करून बघितलं. पंख्यात अडकलेली धुळीची गादी काढली. नको ते प्रोग्राम उडवले. दोन लॅपटॉपमधली मेमरी एकात घालून बघितली. थोडा फरक पडायचा, पण चित्र पुन्हा अडकायचंच. महाडच्या सायबर कॅफेतून त्यांनी त्या मॉडेलची दुरुस्तीची पुस्तिका छापून आणली, शंभरेक पानं इंग्रजी. शब्दकोश शेजारी ठेवून मधल्या सुट्टीत त्या वाचत बसायच्या. अडलेला शब्द मला विचारायच्या, आणि मला तो शब्दकोशापेक्षा जास्त येत नसे.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. लॅपटॉप उघडा होता, शेजारी आकृतीवर स्क्रू चिकटवलेले. त्यांनी तांब्याची नळी असलेला एक पत्रा बाजूला केला. खाली नखाएवढं चकचकीत काहीतरी होतं, भोवती हिरवी चौकट.

"हा प्रोसेसर," त्या म्हणाल्या. "मेंदू बोला. यांचा मेंदू सगळ्यात हलका, सगळ्यात स्वस्त. पण बघा, हा डकवलेला नाय. बसवलेला हाय."

शेजारचा बारीक स्क्रू त्यांनी अर्धा फिरवला. चिपची पकड सुटली. दोन बोटांनी ती सरळ वर उचलून त्यांनी उलटी केली. खाली टाचण्यांच्या टोकांसारख्या शेकडो बारीक तारा होत्या. याच जातीचा, पण वरच्या इयत्तेचा प्रोसेसर याच जागेवर बसतो, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. नवीन मिळणार नाही, मुंबईत जुना मिळेल. पैसे त्या स्वतः घालणार होत्या. फक्त मी विज्ञान विभागाची प्रमुख, म्हणून माझी परवानगी हवी होती.

"बदलू काय, मॅडम?"

मी वह्या तपासत होते. मला तो क्षण लख्ख आठवतो, कारण नंतर मी तो अंधुक असल्यासारखं दाखवलं. मी मान वर करून म्हटलं होतं, "बदला मोरेबाई. बघू तरी काय होतं ते."

दिवाळीच्या सुट्टीत त्या मुंबईला भावाकडे गेल्या आणि त्याला घेऊन जुन्या कॉम्प्युटरच्या बाजारात फिरल्या. पहिल्या दुकानात त्यांना सांगितलं, भाभी, इतक्या जुन्यात कशाला पडता, नवीन घ्या. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या दुकानात त्या स्टुलावर बसून राहिल्या, पुस्तिकेचं पान समोर धरून. गिऱ्हाइकं आली-गेली. शेवटी त्या माणसानं वैतागून मागचा डबा काढून समोर ओतला आणि म्हणाला, तुम्हीच शोधा. बाईंनी वर छापलेले आकडे वाचत, एकेक करून सहा शोधले. थर्माकोलमध्ये खोचून, जेवणाच्या डब्यात घालून ते एसटीनं पोलादपूरला आणले.

पहिला बसवला त्या दिवशी काहीच झालं नाही. पडदा काळा. बाईंनी पुन्हा उघडलं, चिप उन्हात धरली. कडेची एक तार वाकली होती. शिवणाची सुई घेऊन त्यांनी ती उभी केली, श्वास रोखून. स्पिरिटच्या बोळ्यानं उष्णता पत्र्याकडे नेणारा जुना वाळलेला लेप पुसला, नवा तांदळाच्या दाण्याएवढा लावला, आणि पत्र्याचे चार स्क्रू त्यावर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमानं आवळले. मग बटण दाबलं. पंखा घुमला. पडदा उजळला.

सहाच्या सहा झाले. अर्धा तास घेणारा लॅपटॉप आता हजेरी घेईपर्यंत तयार असायचा. हृदय धडधडायला लागलं. खरंच सांगते, मी वीस वर्षं हृदयाच्या झडपा फळ्यावर खडूनं काढत आले होते, आणि त्या दिवशी नववीतली उमरठची सारिका म्हणाली, "म्हणजे दार एकाच बाजूला उघडतंय मॅडम, रक्त परत येऊ नये म्हणून." मी हे वाक्य शंभर वेळा बोलले होते. तिनं ते पहिल्यांदा बघितलं होतं. पोरी शाळा सुटल्यावर थांबायला लागल्या, मराठी टायपिंग शिकायला लागल्या. बाई शेवटच्या गाडीपर्यंत थांबायच्या. त्या चार महिन्यांत परीक्षानळ्या घासल्याचा तो भराभर आवाज मी ऐकला नाही.

मग ते साहेब सभागृहाची जागा बघायला आले. कुणीतरी कौतुकानंच त्यांना सांगितलं की आमच्या मोरेबाईंनी तुमच्या लॅपटॉपमध्ये नवीन मेंदू बसवला, आता ते फार छान चालतात. साहेबांचा चेहरा बदलला. आता म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. आम्ही दिले तेव्हा चालत नव्हते काय? आम्ही भंगार दिलं, असं म्हणायचंय तुम्हाला? एका शिपायाच्या बरोबरीच्या बाईनं माझी वस्तू फोडली आणि तुम्ही मला अभिमानानं सांगता?

शिपायाच्या बरोबरीची. हे शब्द मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलले गेले आणि तिथल्या चार माणसांपैकी एकानंही ते खोडले नाहीत. ऐकणाऱ्यांत मीही होते.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी बैठक बोलावली. देणगीची वस्तू, नोंदवहीत चढलेली, लेखी मंजुरीशिवाय उघडली आणि आतले भाग बदलले, असा मुद्दा होता. बाई दाराजवळ उभ्या होत्या. त्यांना कुणी बसायला सांगितलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून केलंत? बाई म्हणाल्या, "मॅडमना विचारलं होतं."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांचा प्रश्न साधा होता. तुम्ही परवानगी दिली होती का?

माझ्या पदोन्नतीचा कागद त्या महिन्यात त्यांच्या टेबलावर होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. काय होतं ते सांगते. मी म्हणाले, "दुरुस्ती म्हणजे साफसफाई असेल, असं मला वाटलं होतं. भाग बदलणार याची मला कल्पना नव्हती."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघत होते, तरी ते बघणं मला कळलं. "मॅडम खोटं बोलतायत" एवढं म्हणायला त्यांना काय हरकत होती, हे मला आजही कळत नाही. त्या म्हणाल्या असत्या तर मला निदान त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं.

शिक्षा अशी ठरली: बाईंनी लेखी माफी मागायची, आणि लॅपटॉप जसे दिले होते तसे करून ठेवायचे. जसे दिले होते तसे. अध्यक्षांनी हे तीनदा म्हटलं. जुने प्रोसेसर बाईंनी जपून ठेवले होते, प्रत्येकावर कुठल्या लॅपटॉपचा ते लिहून. नसते ठेवले तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

ते काम त्यांच्याकडून ऑफिसात, सगळ्यांसमोर करून घेतलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. अध्यक्ष, मुख्याध्यापक, दोन शिक्षक आणि मी खुर्च्यांवर. बाईंनी आकृती काढली, स्क्रू चिकटवले, पत्रा काढला, पेच अर्धा फिरवला, चांगली चिप काढून हलकी बसवली. लेप लावला. चार स्क्रू, आकड्यांच्या क्रमानं. हात भराभर चालत होते. मोडायचं काम त्यांनी जोडायच्या कामाइतकंच नीट केलं. एकदा मुख्याध्यापक, "राहू द्या ना, एवढं पुसत बसू नका," असं पुटपुटले. बाईंनी स्पिरिटचा बोळा खाली ठेवला नाही.

सहावा झाल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जसे दिले होते तसे हायत. चालू करून बघा, सायेब."

अध्यक्षांनी बटण दाबलं. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. चहा आला. चहा पिऊन झाला. कप उचलले गेले. पडद्यावर अजून सुरू होतानाची निळी पट्टीच सरकत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग अध्यक्ष खुर्ची सरकवून उठले आणि म्हणाले, "चालतोय की."

माफी बाईंनी लिहून दिली नाही. त्यांची वेतनवाढ रोखली गेली. माझी पदोन्नती झाली. लॅपटॉप कपाटात गेले आणि पुढे कधीतरी भंगारात. सारिका आठ दिवस रोज विचारायची, "मॅडम, कधी उघडणार परत?" मग तिनंही विचारणं सोडलं. सभागृह बांधून देणारे साहेब पुढच्या वर्षी आले नाहीत, त्यापुढच्याही नाही. त्या जागेवर अजून गवत आहे.

वर्षभरानं मी एक पत्र लिहिलं. परवानगी मी दिली होती, भाग बदलणार हे मला माहीत होतं, बैठकीत मी खोटं बोलले. मुख्याध्यापकांनी ते वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मला म्हणाले, आता जुनं कशाला उकरता. मी ही गोष्ट बाईंना जाऊन सांगितली. त्या ब्युरेटच्या काचेच्या तोटीला व्हॅसलीन लावत होत्या. "आता लिवून काय उपेग, मॅडम," एवढंच म्हणाल्या. आवाजात ना ओलावा ना विखार. पुढची चार वर्षं त्या माझ्याशी फक्त कामाचं बोलल्या. कामात मात्र कधी कसूर केली नाही, आणि तेच सगळ्यात जास्त झोंबायचं. मग त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

त्यानंतर काही वर्षांनी ऐकलं की त्या घरीच लॅपटॉप दुरुस्त करतात. पोलादपूर-महाडची दुकानं ज्याला "आता होत नाही" म्हणतात ते त्यांच्याकडे जातं. माझा स्वतःचा लॅपटॉप जुना झाला होता, दुकानदारानं नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं. खरं तर मला नवीन घेता आला असता. मी कापड्याला गेले.

बाई पडवीत बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले. समोर फळीवर एक लॅपटॉप उघडा. त्यांनी मला ओळखलं, "या" म्हणाल्या. मी माझा लॅपटॉप पुढे केला आणि काय होतंय ते सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट बघितला, मॉडेलचा आकडा वाचला. प्रोसेसर बदलता येईल, म्हणाल्या. मग आत गेल्या आणि वहीचा एक कोरा कागद आणि पेन घेऊन आल्या. ते माझ्यासमोर ठेवलं.

"आधी लिवा," त्या म्हणाल्या. "हा उघडायची आणि आतला भाग बदलायची मी परवानगी दिली, असं. खाली सही. आजची तारीख."

मी क्षणभर हसले, त्या गंमत करतायत असं समजून. त्या हसल्या नाहीत. मी लिहिलं. खाली नेहमीची आखूड सही केली. त्यांनी कागद उचलला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सावकाश वाचला, आणि माझ्याकडे परत दिला.

"पूर्ण नाव लिवा."

मी पूर्ण नाव लिहिलं. कागद त्यांनी घडी घालून आत नेऊन ठेवला. पुढच्या गुरुवारी या, म्हणाल्या. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा विचारतात. त्यांनी विचारला नाही, आणि मी वाट बघत उभी राहिले नाही.

गाडीला वेळ होता. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी मागे बघितलं. पडवीत त्यांनी माझा लॅपटॉप उलटा ठेवला होता आणि त्यावर वाकल्या होत्या. हात भराभर चालत होते.